ओट्यावरचे खापर

आखाजीच्या पंधरा दिवस आधी, एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या घरात गॅसच्या शेगडीवर खापर फुटले. घरात त्या वेळी दोघी होत्या, माझी आई आणि माझी पत्नी. कोणालाही इजा झाली नाही. साल एकोणीसशे एकाहत्तर किंवा बहात्तर. गॅसजोडणीचा कागद आता सापडत नाही, त्यामुळे याहून नेमके सांगता येत नाही.

मला ही बातमी निराळ्या स्वरूपात मिळाली. मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. कार्यालयाचा शिपाई बाहेरून आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, मेहरूणला गॅसची टाकी उडाली. तीन घरं जमीनदोस्त!"

मी कागद पुढे ओढला. "कोणती गल्ली?"

त्याने गल्ली सांगितली.

"घर कोणाचं?"

"नाव नाही कळलं. दारात कडुलिंब आहे म्हणतात."

त्या गल्लीत दारात कडुलिंब असलेले घर एकच होते. सायकलने ते अंतर एरवी बारा मिनिटांचे. त्या दिवशी किती वेळ लागला, याची नोंद नाही.

पोचलो तेव्हा तिन्ही घरे जागेवर होती. गल्लीतली माणसे मात्र जागेवर नव्हती. ती मेहरूण तलावाच्या बाजूला, सुरक्षित वाटेल इतक्या अंतरावर जमून आमच्या घराकडे बघत होती. एका म्हाताऱ्याने घोंगडी भिजवून खांद्यावर घेतली होती. आई ओसरीवर बसून खापराचे तुकडे सुपात भरत होती. मला पाहून तिने भुवया उंचावल्या.

"तू कसाले उना?" ती म्हणाली. "पेपर कोन छापी?"

आई धुळ्याकडच्या एका खेड्यातली. जळगावात येऊन तिला तीस वर्षे होऊन गेली होती, तरी घरात ती अहिराणीच बोले. गल्ली तिला अक्का म्हणे.

परत जाऊन शिपायाला सांगितले की फुटले ते खापर.

"म्हणजे गॅस नाही?"

"नाही."

"मग काय उपयोग," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

खापर म्हणजे भाजलेल्या मातीचे रुंद तोंडाचे भांडे. चुलीवर ते पालथे घालतात आणि त्याच्या फुगीर पाठीवर मांडे भाजतात. मांडा ही पुरणपोळीच, पण लाटलेली नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा. तो पंजे ओलांडून कोपरांकडे उतरू लागला की एका झोक्यात खापरावर टाकायचा. फाटला तर सगळ्यांदेखत फाटतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात माहेरवाशिणी घरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि जेवायला मांडे व आंब्याचा रस असतो. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचे मांडे आई करून देई. तिचा मांडा फाटल्याचे मी पाहिलेले नाही.

आदल्या वर्षीच्या आखाजीला ती सकाळपासून दुपारपर्यंत परसातल्या चुलीपुढे बसली. जळण कपाशीच्या पऱ्हाट्यांचे होते आणि त्यांचा धूर डोळ्यांत व छातीत जातो. संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात आठ दिवस राहावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की धूर कायमचा बंद, आणि पुन्हा असा एक दिवस चुलीपुढे गेला तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही.

आईला हे सांगितले. तिने शांतपणे ऐकले.

"मंग मांडा कोन करी? डाक्टर करी का?"

त्यामुळे घरात गॅस आला. तो गॅस मुंबईच्या बाजूने येई. तिथे खनिज तेल शुद्ध करताना निघणारा वायू दाब देऊन लोखंडी टाकीत भरत आणि ट्रकने जळगावला पाठवत. शहरातली एजन्सी एका मारवाडी जैन शेठजींनी नुकतीच घेतली होती. त्यांचे मूळ दुकान खिळे, कड्या आणि बिजागऱ्यांचे. पाटीवर या तिन्हींच्या खाली नव्या रंगात 'गॅस' असे लिहिले होते. गिऱ्हाईक फारसे नव्हते. लोक दुकानात येत, शेगडीकडे बघत आणि बिजागरी घेऊन जात.

जोडणी करायला आलेल्या माणसाने एक अट घातली. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, म्हणजे ओटा बांधावा लागेल. ओटा आणि उभ्याचा स्वयंपाक तोवर आमच्या गल्लीत नव्हता.

"उभं राहीसन रांधानं?" आई म्हणाली. "मी काय घोडी शे?"

ओटा बांधला. आठवडाभरात आई त्यापुढे उभी राहू लागली. चहा, डाळ, भात, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, सगळे शेगडीवर होऊ लागले. काडी ओढायची, चावी फिरवायची, निळी ज्योत लागली की काडी विझवायची, हा क्रम ती शेजारणींना बोलावून दाखवत असे. भाकरी फुगते का, हे बघायला पहिल्या दिवशी सहाजणी आल्या होत्या. फुगली.

परसातली चूल मात्र ती दर सोमवारी सारवत राहिली. आखाजीला चूल पेटणार, असे तिने जाहीर केले होते. ज्या शेगडीवर खापर चढत नाही ती शेगडी चहापुरती, असे तिचे मत होते. पत्नीने बरेच दिवस समजूत घातली, तेव्हा ती पंधरा दिवस आधी खापराची एक चाचणी घ्यायला तयार झाली. तोच तो सोमवार.

काय झाले ते पत्नीने सांगितले. घरगुती शेगडीची ज्योत वीतभर रुंद. ती खापराच्या मधोमध लागली. माथा तापून लाल व्हायला आला, तरी काठावर हात ठेवता येत होता. चुलीवरचे खापर तापले की नाही हे बघायला बायका बोटांनी पाण्याचा शिपका मारतात. पाणी चर्र करून उडाले की मांडा टाकायचा. आईने सवयीने शिपका मारला. तो बरोबर माथ्यावर पडला.

संध्याकाळी शेठजी आले. पांढरे धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ओसरीवर बसून त्यांनी पाणी घेतले आणि आईकडे वळले.

"अक्का, खापर तुमचं फुटलं, पण नुकसान माझं झालं. दोन गिऱ्हाइकं उद्या नाव नोंदवणार होती. आज निरोप आला, नको म्हणून."

"शेठ, तुन्ही शेगडीले एकच डोया शे," आई म्हणाली. "खापरले चारीमेर धग लागस."

"मग खापर सोडा ना. तव्यावर करा पोळ्या. आमच्याकडे तव्यावरच होतात."

आई उठून आत गेली. शेठजींनी माझ्याकडे पाहिले, मी पत्नीकडे पाहिले. पत्नी म्हणाली, "शेठजी, चहा घ्या."

उठताना शेठजी मला हळूच म्हणाले, "आखाजीला चूल पेटू देऊ नका, भाऊ. डॉक्टरांनी सांगितलंय ते ऐकलंय मी. टाकी माझी आहे, पण माय तुमची आहे."

त्याच आठवड्यात बाजार समितीच्या एका बैठकीसाठी मला धुळ्याला जावे लागले. एरंडोल, पारोळा करत एसटी दुपारी पोचली. बैठक लवकर संपली. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून तांब्यापितळेच्या भांड्यांच्या गल्लीतून चालत निघालो. एका कारखान्यात, कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मोठ्या घागरींचे सांधे जोडण्याचे काम चालू होते. कोपऱ्यात गॅसची टाकी होती, आमच्या घरच्यापेक्षा बरीच मोठी. तिच्यापासून रबरी नळी निघाली होती आणि नळीच्या टोकाला पितळी तोटी. एक वयस्क मिस्त्री ती तोटी हातात धरून सांध्यावर ज्योत फिरवत होते. सगळे त्यांना नाना म्हणत होते. घागरीभोवती त्यांनी विटांचे कडे रचले होते.

विटा कशाला, असे विचारले.

"उघड्यावर ज्योत लावली तर निम्मी धग आभाळाला जाते," नाना म्हणाले. "आभाळाला सांधा नाही. कडं केलं की ती आतच फिरते."

मी खापराची हकिकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी तोटी बंद केली.

"कुठली तुमची माय?"

गाव सांगितले.

"अरे, मन्ही सासुरवाडी तठेच शे!" नाना एकदम अहिराणीत आले. "त्या गावन्या बाया तव्यावर मांडा करतीन? कधीच नही."

पुढची पंधरा मिनिटे त्यांनी जमिनीवर खडूने चित्र काढले. जाड पत्र्याचे गोल कडे, खाली हवेसाठी भोके, आत तीन टेकू, त्या टेकूंवर खापर. ज्योतीच्या बरोबर वर एक लोखंडी चकती बसवायची. ज्योत चकतीला आपटते, बाजूला पसरते आणि खापराच्या पोटाला सगळीकडून लागते. नळी आणि टाकी कड्यापासून हातभर लांब.

"माप सांगा," ते म्हणाले.

मी दोन्ही हात पसरून दाखवले.

"भाऊ, असं माप मासळीचं सांगतात. पत्र्याचं नाही."

मग आठवले. घरात दुसरे खापर होते आणि त्याचे माप आई नेहमी सांगत असे, एक हात चार बोटे. नानांनी आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत पत्र्यावर ठेवला, चार बोटे पुढे मोजली आणि खूण केली. मी ते शेजारी उभे राहून पाहिले. त्यात काही चूक आहे, हे मला सुचले नाही.

कडे चार दिवसांनी एसटीच्या टपावरून जळगावला आले. आईने त्यात खापर ठेवले. ते टेकूंवरून घसरून आत पडले. नाना सहा फुटांचे होते. आई पाच फुटांच्या आत होती.

"कोना हात मोजा?" आईने विचारले.

"नानांचा."

"नाना मांडा करी का मी?"

आखाजीला आठ दिवस होते. धुळ्याला पुन्हा जायला मला सवड नव्हती आणि पत्नीने तेवढा वेळ परसातल्या चुलीवर नजर ठेवायची असे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तलावाच्या काठची माती घेऊन आली. तीत भुसा आणि शेण घालून मळली. कड्याच्या आतल्या बाजूने तिने चार बोटे जाडीचा थर दिला, चुलीला देतात तसा, आणि वर तीन खाचा ठेवल्या, चुलीला असतात तशा. टेकू मातीत बुडाले. खापर आता मातीवर बसले, जरा दाबून, जरा फिरवून, हलेनासे होईपर्यंत. थर वाळायला पाच दिवस लागले. रोज संध्याकाळी ती ओल्या हाताने भेगा बुजवत असे. शेठजी एकदा येऊन बघून गेले.

"अक्का, तुम्ही तर गॅसची चूल केली," ते म्हणाले.

"गॅस तुन्हा. चूल मन्ही," आई म्हणाली.

आखाजीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कडे शेगडीवर चढले. नवी अडचण लगेच दिसली. ओट्याची उंची, त्यावर शेगडी, त्यावर कडे आणि त्यावर खापर. उभी राहिली तर खापराचा माथा आईच्या छातीला येत होता. तिथे मांडा टाकता येत नाही. तिने एकदा खापराकडे पाहिले, स्टूल ओढले आणि ओट्यावर चढून शेगडीशेजारी मांडी घालून बसली. माझ्या दोन्ही बहिणी माहेरी आल्या होत्या. त्या खाली उभ्या राहून उंडे वर देऊ लागल्या.

मध्यम आच. वीस मिनिटे. शिपका मारायच्या आधी आई थांबली. मग तिने दोन बोटे भिजवली आणि पाणी माथ्यावर न मारता काठाशी मारले. चर्र झाले. मग माथ्यावर. चर्र झाले. दारात उभी असलेली शेजारीण दोन पावले मागे सरकली होती, ती पुढे आली.

पहिला मांडा एका बाजूला जरा करपला. दुसऱ्यापासून करपला नाही. शेठजी साडेदहाला आले. सोबत ती दोन गिऱ्हाइके होती. शेठजींच्या आईचे वर्षीतपाचे पारणे त्याच सकाळी झाले होते. वर्षभराचे उपवास त्यांनी उसाचा रस घेऊन सोडले होते. घरच्यांचे जेवण उपाश्रयाकडे, म्हणजे जैन साधू उतरतात त्या वास्तूत होते. शेठजी ओट्यावर बसलेल्या आईकडे बराच वेळ बघत राहिले. गिऱ्हाइकांपैकी एकाने विचारले, "शेगडीवर असंच बसावं लागतं का?"

"नाही, नाही," शेठजी म्हणाले. "हे फक्त आखाजीला."

चाळीस मांडे करायचे होते. एकोणिसावा मांडा खापरावर असताना ज्योत पिवळी झाली, दोनदा फुरफुरली आणि विझली. टाकी संपली होती. घरात टाकी एकच होती. दुकानात भरलेली टाकी नव्हती, ट्रक सणानंतर येणार होता, हे शेठजींनी स्वतःच सांगितले. सांगताना ते गिऱ्हाइकांकडे बघत नव्हते.

आई ओट्यावरून उतरली आणि परसात गेली. आम्ही मागोमाग गेलो. चुलीत पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. त्या तिने केव्हा रचल्या, हे घरात कोणाला माहीत नव्हते. तिने हात पत्नीपुढे केला.

"काडेपेटी दे."

पत्नीने काडेपेटी कमरेला खोचली. "नाही देणार."

"एकवीस मांडा बाकी शेतस. बठ्ठी गल्लीले सांगेल शे."

"गल्ली रस पोळीशी खाईल."

"गल्लीले चाली. मले चालाव नही."

"मागच्या वर्षी दवाखान्यात रात्रंदिवस मी होते, अक्का," पत्नी म्हणाली. ती आईला एरवी आई म्हणत असे. "तुमचा तो आवाज मी ऐकलाय. काडेपेटी मागू नका."

आई चुलीपुढे बसली. मोठी बहीण रडायला लागली, तिला धाकटीने आत नेले. मी अंगणात आलो तेव्हा शेठजी तिथे नव्हते. गिऱ्हाइके होती. शेठ सायकल घेऊन गेले, असे त्यांनी सांगितले. सायकल कोणाची, तर माझी.

पंचवीस मिनिटांनी ते परत आले. टोपी नव्हती. मागच्या कॅरियरवर दोरीने बांधलेली टाकी होती आणि ती धरून त्यांचा नोकर सायकलीमागे धावत आला होता. टाकी त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरातली होती.

"आज आमची शेगडी थंडी आहे," ते धापा टाकत म्हणाले. "अक्कांना म्हणावं, वर चढा."

टाकी त्यांनी स्वतः जोडली. साबणाचे पाणी लावून सांधा तपासला. आई परसातून आली, हात धुतले आणि स्टुलावर पाय ठेवून पुन्हा ओट्यावर चढली. खापर अजून कोमट होते. ते तापायला या वेळी बारा मिनिटे लागली.

चाळिसावा मांडा दुपारी पावणेदोनला उतरला. दोन्ही गिऱ्हाइके जेवायला थांबली. एकाने त्याच आठवड्यात नाव नोंदवले. दुसऱ्याने नोंदवले की नाही, याची खात्री करता आली नाही.

संध्याकाळी सहा वाजता डॉक्टर आले. त्यांना पत्नीने बोलावले होते. आईला त्यांनी खुर्चीवर बसवले, नळी छातीला लावली, मग पाठीला. "मोठा श्वास घ्या," ते म्हणाले. तिने घेतला. "पुन्हा." पुन्हा घेतला. त्यांनी नळी गळ्यात अडकवली आणि छाती स्वच्छ आहे असे सांगितले. ते निघताना आईने त्यांना एका डब्यात तीन मांडे घालून दिले.